ट्रेलर निवडताना परतीचा प्रवास आधी मोजावा

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. माझ्याकडे 2014 सालची सॉफ्ट टॉप मारुती जिप्सी असून ती ऑफ-रोडिंगसाठी तयार केलेली आहे. पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून गाडी उंच केली आहे, मोठे मड टायर, पुढे इलेक्ट्रिक विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र), लोखंडी बंपर आणि आत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) आहे. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही मित्र कर्जत आणि मुळशी परिसरात जातो, पुढच्या जुलैमध्ये गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोडिंग स्पर्धेला जाण्याचाही मानस आहे. गेल्या पावसाळ्यात पुढचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) तुटला आणि गाडी घरी आणताना फार हाल झाले. त्यामुळे मेव्हण्यांच्या डिझेल फॉर्च्युनरमागे ट्रेलर जोडावा असे ठरत आहे. भिवंडीचे एक फॅब्रिकेटर एका ॲक्सलचा ट्रेलर स्वस्तात बनवून देतो म्हणतात, दोन ॲक्सलचा घेतला तर खर्च बराच वाढतो. पुढेमागे भाच्यासाठी एटीव्ही (मोटारसायकलसारखी बसायची चारचाकी) घेतल्यास तीही त्यावरून नेता यावी. कोणता ट्रेलर घ्यावा आणि तो सोसायटीत ठेवणे जमेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ॲक्सल तुटल्याचे आहे. धडधाकट जिप्सी कर्जतला स्वतःच्या चाकांवर जाऊ शकते, मड टायरचा आवाज आणि रस्त्यावरची अस्थिर चाल एवढीच काय ती गैरसोय होते. ट्रेलरची खरी गरज लागते ती परतताना, गाडी चालत नसताना, कदाचित एखादे चाक फिरत नसताना, अंधारात आणि चिखलात. म्हणून ट्रेलर पाहायला जाल तेव्हा त्यावर चालू गाडी किती सहज चढते हे पाहू नये. न चालणारी गाडी त्यावर कशी चढवायची, ती कशी बांधायची आणि तेवढे ओझे घेऊन घाट कसा उतरायचा, हे विचारावे. ॲक्सल एक की दोन, याचे उत्तरही त्यातूनच मिळते.

सुरुवात वजनापासून करू. सॉफ्ट टॉप जिप्सीचे कारखान्यातून येतानाचे वजन सुमारे 985 किलो असते. त्यावर विंच, बंपर, केज, मोठे टायर, हाय-लिफ्ट जॅक, शॅकल आणि दोरांची पेटी असे सगळे चढवल्यावर गाडी 1250 ते 1300 किलोंच्या घरात जाणे सहज शक्य आहे. मात्र अंदाजावर राहू नये. ज्या अवस्थेत आपण ऑफ-रोडिंगला निघता त्याच अवस्थेत, टाकी भरून आणि सामानासह, गाडी एखाद्या वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी. ट्रेलरचे स्वतःचे वजन 600 ते 700 किलो धरले तर मागे ओढायचे एकूण ओझे दोन टनांच्या आसपास येते. आता फॉर्च्युनरच्या मालकपुस्तिकेत तीन आकडे शोधावेत : ब्रेक असलेल्या ट्रेलरचे कमाल वजन, ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे कमाल वजन आणि टो बारवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या दांड्यावर) येऊ शकणारा कमाल उभा भार. ते पुस्तिकेत नसतील तर कंपनीकडे लेखी विचारणा करावी. परदेशी संकेतस्थळांवर त्याच नावाच्या गाडीसाठी दिलेले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत, कारण गिअरचे गुणोत्तर, रेडिएटर, टायर आणि टो बारची रचना बाजारागणिक बदलू शकते.

उभ्या भाराबद्दल थोडे अधिक, कारण पहिल्यांदा ट्रेलर घेणाऱ्यांकडून हाच हिशेब बहुधा सुटतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग पुढे, म्हणजे फॉर्च्युनरच्या टो बारवर, टेकलेला असावा लागतो. दोन टनांना तो 200 किलो होतो. एवढे वजन फॉर्च्युनरच्या वहनक्षमतेतून वजा होते, म्हणजे आत पाच जण आणि मागे तंबू-सामान असेल तर ते अधिक हे 200 किलो असा हिशेब करावा लागतो. पुढचा भार फार कमी ठेवला तर ट्रेलर वेगात डुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचे शेपूट हलवतो. फार जास्त ठेवला तर फॉर्च्युनरची पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही कमजोर होतात. डुलणे सुरू झालेच तर ब्रेकवर पाय ठोकू नये. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सलरेटरवरून काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

हा भार मोजायला वजनकाटा उपयोगाचा नाही, कारण ट्रक तोलणारा काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो. घरातला वजनकाटा मात्र एका मजबूत फळीच्या साहाय्याने कामाला येतो. फळीचे एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपवर आणि दुसरे टोक काट्यावर ठेवलेल्या पाइपवर टेकवावे, दोन्ही पाइपांतील अंतर 90 सेंटिमीटर ठेवावे आणि ट्रेलरचे पुढचे तोंड विटेकडील पाइपापासून 30 सेंटिमीटरवर फळीवर टेकवावे. अशा मांडणीत काट्यावर एकतृतीयांश भार येतो, म्हणून नुसत्या फळीचा आकडा वजा करून उरलेल्याला तिनाने गुणावे. काटा 67 किलो दाखवत असेल तर भार 200 किलो आहे. मोजताना ट्रेलर सपाट जमिनीवर आणि त्याच्या चाकांना अडणी लावलेली असावीत. आता जिप्सी ट्रेलरवर दहा सेंटिमीटर पुढे सरकवली तर काय होते ते पाहावे : ट्रेलरच्या चाकांच्या मध्यापासून जोडणीपर्यंतचे अंतर साडेतीन मीटर आणि जिप्सी 1250 किलोंची असेल, तर पुढचा भार सुमारे 35 किलोंनी वाढतो. म्हणून योग्य जागा एकदा सापडली की तिथे चाकांसाठी लोखंडी अडसर वेल्ड करून घ्यावा, म्हणजे पावसात आणि घाईत पुन्हा मोजमाप करावे लागत नाही. मात्र तुटलेल्या गाडीची चाके जागची हलली असतील किंवा गाडी मागच्या बाजूने चढवावी लागली असेल, तर हे गणित बदलते. यासाठी ट्रेलरचा फलाट, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते तो सपाट भाग, जिप्सीपेक्षा थोडा लांब असावा. जिप्सी सुमारे चार मीटर लांब असते, तेव्हा साडेचार मीटरचा फलाट मला योग्य वाटतो.

आता एक ॲक्सल की दोन. दोन टनांतून पुढचे 200 किलो वजा केल्यावर 1800 किलो ट्रेलरच्या चाकांवर येतात. एका ॲक्सलच्या ट्रेलरला ते दोन टायरांवर पेलायचे, म्हणजे प्रत्येकी 900 किलो. टायरच्या बाजूवर छापलेला भारांक 104 असेल तर तो टायर बरोबर 900 किलोंचा असतो, 91 असेल तर 615 किलोंचा. म्हणजे 104 भारांकाचा टायर घेतला तरी हाती शिल्लक काहीच राहत नाही, आणि खड्ड्यात आपटताना बसणारा धक्का या हिशेबाच्या बाहेरच राहिला. दोन ॲक्सलवर तोच भार प्रत्येक टायरमागे 450 किलोंवर येतो, तिथे 560 किलोंचा 88 भारांकाचा टायरही पुरतो. शिवाय घाटात एक टायर फुटला तरी ट्रेलर बाजूला घेण्याइतका उभा राहतो. आपल्या वजनासाठी माझे मत स्पष्ट आहे : दोन ॲक्सल, आणि दोन्हींना ब्रेक. फॅब्रिकेटरची कमी किंमत मोहात पाडणारी असली तरी ती दुसऱ्या कुणाच्या हलक्या ओझ्यासाठी योग्य आहे.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये एक गोष्ट वाकून, पाटे जिथे चॅनेलला जोडलेले आहेत तिथे पाहावी. पुढच्या ॲक्सलच्या पाट्याचे मागचे टोक आणि मागच्या ॲक्सलच्या पाट्याचे पुढचे टोक मधल्या एका डुलत्या तुकड्याला जोडलेले असले पाहिजे. स्पीडब्रेकरवरून जाताना एक ॲक्सल वर उचलला गेला की हा तुकडा झुकतो आणि भार दुसऱ्याकडे वाटून देतो. काही ठिकाणी हा तुकडा गाळून दोन्ही पाट्यांची टोके सरळ चॅनेलला पक्की केलेली दिसतात. मग दिसायला चार चाके असली तरी मुंबईतल्या प्रत्येक गतिरोधकावर सगळे ओझे क्षणभर दोनच चाकांवर येते, आणि वर मांडलेले भारांकाचे सारे गणित फुकट जाते.

ट्रेलर भक्कम हवा म्हणून जड बनवून घेणे हा दुसरा घोळ. साडेचार मीटर लांब आणि 1.9 मीटर रुंद फलाटावर सलग 5 मिमी चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) टाकली तर नुसत्या पत्र्याचे वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास होते. त्याऐवजी चाकांखाली येणारे अर्धा मीटर रुंदीचे दोन पट्टे 3 मिमी प्लेटचे केले, खाली आडवे चॅनेल जवळजवळ दिले आणि मधला भाग मोकळा ठेवला, तर तेच काम सुमारे 115 किलोंत होते. वाचलेले वजन फॉर्च्युनरच्या क्लचलाही उपयोगी आणि डिझेललाही. मधला भाग मोकळा असण्याचा आणखी एक फायदा असा, की तुटलेला ॲक्सल किंवा लोंबणारा शाफ्ट वरून दिसतो, त्याला हात पोचतो आणि चिखल खाली गळून जातो. ओली चेकर प्लेट निसरडी असते, म्हणून पट्ट्यांवर आडव्या लोखंडी सळ्या वेल्ड करून घ्याव्यात. जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीचा ॲक्सल आणि पिनची जोडणी वापरलेला ट्रेलर मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. ती रचना शेतातल्या आणि गावरस्त्याच्या संथ चालीसाठी असते, आणि पिनमधला खडखडाट महामार्गाच्या वेगाला धोकादायक ठरतो.

चढवण्याच्या कामाकडे येऊ. फलाट जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच आणि चढणीचे रॅम्प 2.4 मीटर लांब असतील तर चढ साधारण साडेचौदा अंशांचा होतो. चाके फिरत असतील तर 1300 किलोंची गाडी या चढावर ओढायला साडेतीनशे ते चारशे किलोंचा जोर पुरतो. चाके अडकलेली असतील तर घर्षणामुळे तोच जोर हजार किलोंच्या वर जातो. म्हणून होड्या ओढण्याची लहान हातविंच आपल्याला पुरणार नाही. आपल्या जिप्सीला पुढे विंच आहेच, तिचा हुक ट्रेलरच्या पुढच्या आडव्या चॅनेलवरील कड्याला अडकवून जिप्सी स्वतःलाच वर ओढून घेऊ शकते, इंजिन बंद असले तरी बॅटरी असेपर्यंत. म्हणून त्या कड्याचे वेल्डिंग आणि जाडी फॅब्रिकेटरकडून खास करून घ्यावी, आणि जिप्सीची बॅटरीच गेली असेल तर फॉर्च्युनरवरून वीज देता येईल इतक्या लांब जाड केबल सोबत ठेवाव्यात. गाडीचे वजन पहिल्यांदा ट्रेलरच्या मागच्या टोकावर येते तेव्हा ते टोक खाली दबते आणि फॉर्च्युनरचे शेपूट वर उचलले जाते. हँडब्रेक सहसा मागच्याच चाकांवर असल्यामुळे ती चाके हलकी झाली की उतारावर सगळी जोडी सरकू शकते. यावर उपाय म्हणजे ट्रेलरच्या मागे दोन खाली सोडायचे पाय, फॉर्च्युनरच्या चारही चाकांना लाकडी ठोकळे, आणि ट्रेलर जोडलेला नसताना गाडी कधीही न चढवणे. विंचचा दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

बांधणी चार वेगवेगळ्या पट्ट्यांनी, पुढे दोन आणि मागे दोन, आणि शक्यतो गाडीच्या ॲक्सलला किंवा चाकांना करावी. बॉडीला बांधल्यास गाडीचे स्वतःचे पाटे दबत-उसळत राहतात आणि पट्टे सैल पडतात. आपली जिप्सी उंच केलेली असल्याने हा हेलकावा अधिकच असेल. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरचा वापरण्याजोगा भार वाचून घ्यावा, तुटण्याचा भार नव्हे, आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत.

ब्रेकचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर तिला ढकलतो आणि त्या ढकलण्यातूनच जोडणीतला दांडा मागे सरकून तारांनी ब्रेक लागतात. दुसरा विजेवर चालतो आणि त्यासाठी चालकासमोर नियंत्रक बसवावा लागतो. वीजब्रेक घाटात अधिक हुकमी असतात, पण त्यासाठी फॉर्च्युनरच्या वायरिंगमध्ये हात घालावा लागतो, आणि गाडी मेव्हण्यांची आहे. म्हणून मी आपल्याला पहिला प्रकार सुचवेन, मात्र रिव्हर्स घेताना आपोआप सुटणाऱ्या ब्रेकशूंसह, अन्यथा सोसायटीच्या गेटात मागे घेताना ट्रेलर स्वतःच ब्रेक लावून अडून बसेल. या प्रकाराची एक मर्यादा जाणून असावी : बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना आपण इंजिनच्या जोरावर वेग रोखता तेव्हाही ट्रेलर सतत ढकलत असतो, त्यामुळे त्याचे ब्रेक उतारभर थोडे थोडे घासत तापतात. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर घ्यावा, मुळातच हळू उतरावे, आणि पायथ्याशी थांबून चारही हबांची (चाकांच्या मध्यभागांची) उष्णता हात जवळ नेऊन, न चिकटवता, पाहावी. एकच हब इतरांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग चालली आहे. याच कारणासाठी हबची बेअरिंग एखाद्या सर्रास दिसणाऱ्या देशी गाडीचीच निवडावी, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच काय, वाटेतल्या खोपोलीतही मिळेल. आणि गरम हब ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवू नये, आतली हवा आकसून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते.

टो बारवरच्या, ट्रेलरचे तोंड ज्यावर बसते त्या जोडणीच्या गोळ्याचा व्यास तपासावा. 50 मिमीचा आणि दोन इंची, म्हणजे 50.8 मिमीचा, असे दोन गोळे बाजारात मिळतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात, पण दोन इंची तोंड 50 मिमीच्या गोळ्यावर सैल बसते. टो बार फॉर्च्युनरच्या चासीला बोल्टने जोडलेला हवा, बंपरला नव्हे. सुरक्षेच्या दोन साखळ्या जोडणीखाली एकमेकींवरून तिरप्या न्याव्यात, म्हणजे जोडणी सुटलीच तर पुढचे तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी ट्रेलर बनवायला टाकण्यापूर्वीच उरकावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत मोटार वाहनात ट्रेलरचाही समावेश आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि तृतीय पक्षाचा विमा लागतो. फॅब्रिकेटर विक्रीचा नमुना 21 आणि रस्तायोग्यतेचा नमुना 22 देऊ शकतो का, हे आधी विचारावे, आणि ते कागद घेऊन वडाळ्याच्या आरटीओत नोंदणीची खात्री करूनच आगाऊ रक्कम द्यावी. ‘शेतीचा ट्रेलर म्हणून पासिंग करून देतो’ असे कोणी म्हणाले तर तिथूनच परत फिरावे. तो ट्रेलर ट्रॅक्टरमागे चालवण्यासाठी नोंदला जातो, आणि फॉर्च्युनरमागे त्याचा अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचे कारण आयते मिळते. कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, तेव्हा टो बारबद्दलही आरटीओ आणि फॉर्च्युनरची विमा कंपनी या दोघांना लेखी विचारून ठेवावे.

गंजाबद्दल थोडक्यात : मुंबईच्या खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साइड आणि वर रंग दोन पावसाळ्यांपलीकडे भरवशाचा नसतो. परवडत असेल तर सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यावा, नसेल तर चौकोनी बंद पाइपांऐवजी उघडे चॅनेल वापरावेत, कारण बंद पाइप आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही.

एटीव्हीसाठी हा ट्रेलर वापरायला हरकत नाही, पण तिच्यासाठी म्हणून तो घेण्याचे कारण नाही. मध्यम आकाराची एटीव्ही सव्वातीनशे किलोंच्या आसपास असते आणि भाड्याच्या पिकअपमध्ये फळ्या लावून आरामात चढते. जिप्सी आणि एटीव्ही दोन्ही एकाच वेळी या फलाटावर बसणार नाहीत, तेव्हा फॅब्रिकेटरने त्यासाठी लांबी वाढवण्याचा आग्रह धरला तर नकार द्यावा.

राहिला सोसायटीचा प्रश्न. साडेचार मीटरचा फलाट आणि पुढचा दांडा मिळून सहा मीटरच्या जवळपास लांबी होते. ती एका गाडीच्या जागेत मावत नाही, आणि शेजाऱ्याच्या गाडीसमोर बाहेर आलेला लोखंडी दांडा हा वार्षिक सभेतला हमखास विषय होतो. चिटणिसांची परवानगी मिळाली तरी मी तो तिथे ठेवण्याच्या बाजूचा नाही, कारण वर्षातून चार-पाच वेळा लागणारी वस्तू वर्षभर अडचण करते. आपण जिथे ऑफ-रोडिंगला जाता त्या कर्जत भागात कुणा मित्राची शेतजमीन किंवा गोदाम असेल तर ट्रेलर आणि जिप्सी दोन्ही तिथेच, छपराखाली, चाके ठोकळ्यांवर उचलून ठेवावीत. मग कर्जतच्या सहलींना ओढायची वेळच येणार नाही, ट्रेलर फक्त मुळशी, गोवा आणि दुरुस्तीसाठी बाहेर निघेल. तशी जागा मिळत नसेल तर या पावसाळ्यात ट्रेलर घेऊ नये. फलाट मागे घसरून झुकणारा आणि स्वतःची विंच असलेला फ्लॅटबेड भाड्याने मिळतो, त्याचे कर्जत आणि मुळशीचे दर आधीच ठरवून चालकाचा क्रमांक जवळ ठेवावा, आणि गोव्याच्या जाण्यायेण्याचा खर्च त्याच्याकडून लेखी मागवावा. वर्षभराचा तो खर्च ट्रेलर, टो बार, नोंदणी आणि विमा यांच्या बेरजेशेजारी मांडून मगच फॅब्रिकेटरला फोन करावा.